स्वॅप बंद करा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

घाटमाथा: काल इथे एकाने लिहिलं की लिनक्सवर ८ जीबी रॅम असली की स्वॅप, म्हणजे रॅममधला डेटा उतरवून ठेवायची डिस्कवरची जागा, बंद करा, मशीन पळतं आणि एसएसडीही वाचते. अहो, माझ्या बहिणीने असंच कुठेतरी वाचून स्वॅप काढला. प्रबंध लिब्रेऑफिसात उघडा, शेजारी ब्राउझरचे तीसेक टॅब, आणि माउसचा बाण जागच्या जागी गोठला. डिस्कचा दिवा विझेचना, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं, तासाभराचं काम गेलं. स्वॅप नसला की कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, प्रोग्रामचा डेटा बाहेर ठेवता येत नाही, मग तो चालू प्रोग्रामचा कोडच रॅममधून काढतो आणि लगेच परत डिस्कवरून वाचतो, तेच चक्र चालू.

निशाचर: कालचं मीच लिहिलंय. माझं मशीन गोठायचं ते स्वॅप असताना! हार्डडिस्क, ४ जीबी रॅम, दुप्पट स्वॅप. गोठण्यापेक्षा ओओएम किलरने, म्हणजे मेमरी संपली की एखादा प्रोग्राम बंद पाडणाऱ्या कर्नलच्या सोयीने, एक प्रोग्राम मारलेला परवडला. आणि स्वॅपीनेस ही स्वॅपची सेटिंग ६०, म्हणजे ६० टक्के रॅम भरली की स्वॅप सुरू, हे काय?

घाटमाथा: ६० चा तो अर्थच नाही. रॅममधून फाइल कॅश (वाचलेल्या फाइलींच्या प्रती) काढायची की प्रोग्रामची पानं (डेटाचे तुकडे), तेवढा कल ठरतो त्यावरून.

बोरीबंदर: भांडताय काय, रॅम वाढवा.

चिंचपाणी: कुठून वाढवू?? दुकानदाराने माझ्यासमोर लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं, स्लॉटच नाही, चिपा थेट बोर्डाला सोल्डर केलेल्या. घेताना एका शब्दाने कुणी बोललं नाही. जुन्या मशीनला चार स्क्रू काढले की काम व्हायचं.

बोरीबंदर: घेण्याआधी बघायचं ना.

चिंचपाणी: पहिल्या पगारात पोरगी लॅपटॉप घेते तेव्हा तिला सोल्डर म्हणजे काय ते ठाऊक असतं का? तुम्हाला जन्मतःच ठाऊक होतं वाटतं!

निशाचर: ताईंचं बरोबर आहे, ही सरळ फसवणूक आहे. माझ्या भावाचीही हीच गत.

घाटमाथा: ताई, तुम्ही झेडरॅम लावा. फेडोरा या लिनक्समध्ये २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून आपोआप येतं. पानं दाबून (कॉम्प्रेस करून) रॅममध्येच ठेवतं, प्रोसेसरला थोडं काम पडतं, पण एसएसडीला हात लागत नाही.

निशाचर: हं. एसएसडीवर लिहिणं होणार नसेल तर माझी हरकत नाही. पण हार्डडिस्कवरचा स्वॅप मी अजूनही लावणार नाही.

चिंचपाणी: लावलं. टॅब तेवढेच, बाण हलतोय. सोल्डरचा राग मात्र तसाच आहे.