मदत हवी आहे : ‘बालसैनिक’ म्हटलं की मुली कुठे जातात?

म्हापशात बारावीच्या वर्गासाठी पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या यादवी युद्धावर (१९९१-२००२) मराठी टिपण करतेय, पण शब्द अडतोय. ‘बालसैनिक’ म्हटलं की बंदूकवाला मुलगाच डोळ्यांसमोर येतो. तिथेही तेच झालं. मदतीसाठी नाव नोंदवायचं तर निःशस्त्रीकरणाच्या रांगेत हत्यार जमा करायचं, कधी ते खोलून परत जोडून दाखवायचं. रांधणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, कमांडरने ‘बायको’ म्हणून ठेवलेल्या कितीतरी मुलींकडे बंदूकच नव्हती; काहींची कमांडरनेच काढून घेतली. नाव नोंदलं नाही, म्हणून मदतही नाही. २००७ च्या पॅरिस तत्त्वांच्या (सशस्त्र गटांतल्या मुलांबद्दलची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं) व्याख्येत स्वयंपाकी, हमाल, निरोपे हेही आहेत. कमांडरने अशी ‘बायको’ केलेल्या मुलीला इंग्रजीत ‘बुश वाइफ’ म्हणतात; आता तिला मराठीत काय म्हणावं? ‘पत्नी’त संमती गृहीत धरली जाते, ‘ठेवलेली’त दोष मुलीवरच येतो. ‘बळजबरीच्या लग्नातली मुलगी’ चालेल का? याहून नेमका शब्द कुणी सुचवेल?