हुशार थोरल्यामागून वाढलेल्यांचे अनुभव: सोलापूर

थोरलं भावंड हुशार निघालं की धाकट्याचं नाव ठरून जातं: 'अमक्याचा भाऊ', 'तमकीची बहीण'. आपल्याकडे तर अख्खी गल्ली निकाल विचारते. काय सोसलं, काय मिळालं, मोकळेपणी लिहा.

धाकटा, साखर पेठ
आमच्या घरी चादरीचे माग होते. दादा ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवून नक्षी काढायचा, त्यावरून जेकार्डचे, म्हणजे कुठला धागा उचलायचा ते मागाला भोकांनी सांगणारे, पुठ्ठे पाडले जायचे. त्यात एक भोक चुकलं तरी प्रत्येक नक्षीत तीच चूक उमटते. दादाचं कधी चुकलं नाही. व्यापारी आले की पहिला प्रश्न, "थोरला कुठंय?" माझ्याकडे पुठ्ठे दोरीनं ओवायचं काम. वडील म्हणायचे, "दादा बघ काय करायलाय, अन् तू काय करायलास?" मला चित्र जमत नव्हतं, पण माग अडला की कुठला हूक उचलत नाही ते आवाजावरून कळायचं. ते कुणी हुशारीत धरलंच नाही. दादा पुण्याला गेला, नक्षी संगणकावर गेली. आज आसपासचे कारखानदार माग अडला की मला बोलावतात. वडील पाहुण्यांना अजून दादाचंच सांगतात. चाळिशीतही ते लागतं, फार लागतं.

धाकटी, जुळे सोलापूर
ताईचीच पुस्तकं मला यायची. समासात तिनं पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, "इथं चिन्ह बदलतं, सावकाश." बीजगणित मला तिथून कळलं. वर्गात बाई मात्र सगळ्यांसमोर म्हणायच्या, "तिची बहीण ना तू? मग असं कसं?" ताईचा राग कधीच आला नाही. त्या वाक्याचा आजही येतो.

समुपदेशक, होटगी रोड
2015 साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर अभ्यास झाला. थोरल्यांचा बुद्ध्यंक सरासरीनं किंचित जास्त निघाला. स्वभावात जन्मक्रमानं जवळजवळ फरक आढळला नाही. धाकटा 'मुळातच बुजरा' असं पालक सांगतात, तेव्हा मी आधी घरातली बोलणी विचारते.

थोरली, भवानी पेठ
थोरल्यांचंही ऐका. बाबा आम्हाला भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर दाखवायचे. 1938 साली ते चीनला गेले, जखमींची सेवा करत 1942 साली तिथंच वारले, हे सांगून बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. "ही अशी डॉक्टर होणार." भाऊ शेजारीच उभा असायचा. त्याच्याबद्दल चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. मी डॉक्टर झाले. आमचं बोलणं कामापुरतं उरलंय, आणि मला माझा भाऊ हवाय. यंदा गड्ड्याच्या यात्रेला सगळे मिळून जाऊ म्हणून फोन केला. "बघू" म्हणाला. तुटलेलं ज्यांचं पुन्हा जुळलं, त्यांनी कसं जमवलं ते जरूर लिहा.