मदत हवी आहे: मायक्रोवेव्हनं वस्तू थंड कशी होते?

नमस्कार मंडळी, एमएस्सी फिजिक्सला आहो, गाव वाशिम जिल्ह्यात, सोमवारी सेमिनार आहे आन एका जागी गाडी अडून राहिली. विषय ऑप्टोमेकॅनिक्स, म्हणजे उजेडाच्या धक्क्यानं वस्तूची हालचाल बदलवणं. २०११ मध्ये अमेरिकेत बोल्डरच्या निस्ट या सरकारी मापन लॅबनं अ‍ॅल्युमिनियमचा एक पडदा, १५ मायक्रॉन रुंद, १०० नॅनोमीटर जाड, सेकंदाला साधारण एक कोटी वेळा थरथरणारा, मायक्रोवेव्हनं इतका शांत केला की सरासरी ०.३४ फोनॉन (थरथरीच्या एनर्जीचा सगळ्यात लहान तुकडा) उरला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक विद्यापीठवाल्यांनी सिलिकॉनच्या पट्टीवर लेसरनं ०.८५ पर्यंत आणला.

आता आपण मे महिन्यात टिनाखाली बसणारे लोकं, उजेडानं वस्तू तापते एवढंच माहीत. उजेडाचा धक्का बसते हे पटते, पण धक्क्यानं हालचाल वाढायला पाहिजे ना, कमी काऊन होते? आन तो पडदा आधीच डायल्यूशन फ्रिजमध्ये (शून्य केल्विनच्या जवळ नेणारा फ्रिज) होता, मग वरून मायक्रोवेव्ह कायले? सर म्हणतात नेटवर पाह्य.

उत्तर १
दुसरं आधी. केटी भागिले एचएफ (उष्णतेची एनर्जी भागिले एका फोनॉनची एनर्जी) करून पाह्य भाऊ. एक कोटी हर्ट्झला २० मिलीकेल्विनवरही ४० च्या आसपास फोनॉन राहतात. २०१० मध्ये सांता बार्बरा विद्यापीठाच्या क्लेलँड-मार्टिनिस मंडळींचं नुसत्या फ्रिजवर भागलं कारण त्यांचा रेझोनेटर (थरथरणारी वस्तू) ६ गिगाहर्ट्झचा होता, फ्रिक्वेन्सी जास्त तर फोनॉन कमी (हेच मार्टिनिस २०२५ चे नोबेलवाले, पण ते वेगळ्या कामासाठी).

आता धक्क्याचं. झोका आपल्याकडे येत असताना ढकलला तर मंदावतेच ना, सगळा खेळ टायमिंगचा. मायक्रोवेव्ह ही कॅव्हिटीच्या (पडद्याला जोडलेलं, ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच घुमणारं सर्किट) फ्रिक्वेन्सीवर नाही सोडायची, बरोबर पडद्याच्या फ्रिक्वेन्सीइतकी खाली सोडायची. मग फोटॉनला आत शिरायला एनर्जी कमी पडते, ती तो पडद्याचा एक फोनॉन खाऊन भरून काढते आन बाहेर निघून जाते. वरच्या बाजूनं सोडली तर उलटं, पडदा अजून पेटते. कॅव्हिटीची लाइनविड्थ (तिच्या फ्रिक्वेन्सीचा पसारा) मात्र पडद्याच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा कमी पाहिजे, नाहीतर खालची-वरची दोन्ही बाजू (साइडबँड) एकात एक मिसळतात.

धागाकर्ता
हाव, आता डोक्यात शिरलं. २०२१ मध्ये निस्ट आन फिनलंडच्या आल्टो विद्यापीठानं असे दोन-दोन पडदे एंटँगल केले (क्वांटम पद्धतीनं एकमेकांत गुंतवले), तेही घेऊ का?

उत्तर २
एका स्लाइडवर नाव घे आन पुढं चाल. एंटँगलमेंट मोजली कशी हे कोणी विचारलं तर फसशील. त्यापेक्षा साइडबँडची आकृती फळ्यावर हातानं काढ, पंप (आपण सोडलेली मायक्रोवेव्ह) कुठं, कॅव्हिटी कुठं, बाहेरचे परीक्षक लाइनविड्थवरच धरतात.