परदेशी राहताना रोजची संध्याकाळ कुणाची : घरच्यांची की शेजाऱ्यांची?

नेकारकाठ (स्टुटगार्ट, मूळ पुणे)

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांत घरी रोज व्हिडिओ कॉल करणे हे आता न मोडता येणारे कर्तव्य झाले आहे, आणि ते पार पाडता पाडता आपण ज्या गावात राहतो तिथली मैत्री, शेजार आणि साध्या संध्याकाळी गमावून बसतो, असे माझे ठाम मत आहे. आई-वडिलांशी आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या सकाळी, निवांत तासभर बोलावे आणि बाकीच्या संध्याकाळी इथल्या माणसांना द्याव्यात. हे वाचून अनेकांना राग येईल याची मला कल्पना आहे, म्हणून कारणे सविस्तर मांडते.

पहिले कारण घड्याळाचे आहे. जर्मनी आणि भारत यांच्या वेळांत उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. संध्याकाळी साडेपाचला घरी यावे तर पुण्यात नऊ किंवा दहा वाजलेले असतात आणि आई-बाबांचे डोळे मिटायला लागलेले असतात. त्यामुळे कॉल करायचा तर तो घरात पाऊल टाकल्याबरोबर करावा लागतो. इथे लहान मुले आठाच्या सुमारास झोपतात. म्हणून मुलांना घेऊन पालक मैदानावर जमतात ती वेळ, शेजारी अंगणात खुर्च्या मांडून बसतात ती वेळ, नेमकी हीच असते. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि सगळी गल्ली बाहेर असते, तेव्हा आपली मंडळी पडदे ओढून, फोन हातात धरून, 'जेवलात का, आज काय केलं होतं' या प्रश्नांची रोजची उजळणी करत बसलेली असतात. शनिवार-रविवारी ती दुसऱ्या मराठी घरी जातात, आणि मग दहा वर्षे राहूनही इथल्या लोकांशी मैत्री होत नाही अशी तक्रार करतात.

मैत्री व्हायला वारंवार समोरासमोर यावे लागते. आमच्या या श्वाबेन भागात 'केअरवोखं' नावाची जुनी रीत आहे. इमारतीचा जिना झाडण्या-पुसण्याची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे जाते. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लहान पाटी लटकत असते, आणि काम झाले की ती काढून शेजारच्या दारावर अडकवायची असते. समोरच्या दारातल्या आजींशी माझी ओळख या पाटीमुळे झाली. पाटी अडकवताना दार वाजवावे, दोन शब्द बोलावेत, असे सुरू झाले. बर्फ पडल्यावर लोक कामाला निघण्याआधी फुटपाथ कसा मोकळा करायचा आणि पाय घसरू नये म्हणून त्यावर बारीक खडी कशी पसरायची, हे त्यांनी मला स्वतः उभे राहून दाखवले. इथे क्वार्क नावाचे मऊ, पांढरे, किंचित आंबट चीज मिळते. ते फडक्यात बांधून रात्रभर टांगले की चक्का तयार होतो. अक्षय्य तृतीयेला मी त्याचे श्रीखंड करून त्यांच्याकडे नेले, तर त्यांनी आपल्या बागेतल्या रुबार्बच्या आंबटगोड मुरंब्याबरोबर ते खाल्ले आणि मलाही तसेच वाढले. आता आमच्याकडे श्रीखंड तसेच खातात. मी त्या संध्याकाळी कॉलवर असते, तर ही बाई माझ्यासाठी जिन्यात भेटणारी एक अनोळखी म्हातारी राहिली असती.

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, त्यामुळे समारंभांना आणि भाषणांना इथे तोटा नाही. मला मात्र पाटी अडकवताना होणारे दोन मिनिटांचे बोलणे अधिक मोलाचे वाटते.

जास्वंद (सातारा)

नेकारकाठ, तुम्ही ज्या कॉलबद्दल लिहिता त्याच्या दुसऱ्या टोकाला मी बसलेली असते, म्हणून उत्तर देणे मला भाग आहे.

माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्यांच्याकडे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा साताऱ्यात उन्हाळ्यात पाच वाजलेले असतात. सून डबे भरत असते, फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो, नात दुधात पोळी कुस्करून खात असते आणि मी इकडे मेथी निवडत असते. त्या अर्ध्या तासात आम्ही फारसे बोलत नाही. नात मध्येच विचारते, 'आजी, देठ का टाकतेस?' मी सांगते. सून म्हणते, 'आई, मीठ जास्त झालं तर काय करू?' मी सांगते. तुम्हाला ही रोजची उजळणी वाटते, तर माझ्या घरात दिवसाकाठी माणसांचा वावर असतो तो एवढाच. आठवड्यातून एकदा तासभर बोलायचे ठरवले की माणसे आठवडाभराच्या बातम्या सांगतात, तब्येत उत्तम असल्याचे सांगतात आणि हसून फोन ठेवतात. मेथीच्या देठांचा प्रश्न त्या तासात कुणी विचारत नाही.

आणि तब्येतीचेच सांगते. मध्यंतरी ह्यांची जीभ बोलताना किंचित जड येते, हे सुनेच्या लक्षात आले. मी दिवसभर ह्यांच्याजवळ होते. मला वाटले दुपारची झोप नीट झाली नसेल. तिने ह्यांना दोन्ही हात समोर धरायला सांगितले, तर उजवा हात हळूहळू खाली येऊ लागला. तिने मला शेजारच्यांना हाक मारायला लावले, त्यांनी गाडी काढली आणि आम्ही वेळेत रुग्णालयात पोहोचलो. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे मला त्या दिवशी कळले. सुनेच्या लक्षात आले, कारण तिने आदल्या दिवशीही त्यांना बोलताना पाहिले होते. तुमच्या आठवड्यातल्या एका तासाने हे साधले नसते.

तुमच्या जर्मन आजींना तुम्ही वेळ देता हे फार चांगले आहे. पुण्यातही एक आजी आहेत, एवढेच म्हणते.

जयगड (दुबई, मूळ रत्नागिरी)

वरच्या दोन्ही ताईंचे घर त्यांच्याबरोबर आहे. एकीचा संसार स्टुटगार्टला आहे आणि दुसरीचे यजमान तरी सोबत आहेत. आखातात काम करणाऱ्या आमच्यासारख्या हजारो कोकणी माणसांची गोष्ट निराळी आहे. इथे बायको-मुलांना आणायचे तर किमान पगाराची अट आहे, आणि ती पूर्ण झाली तरी घरभाडे आणि शाळेची फी परवडत नाही. म्हणून कुटुंब गावी असते आणि आम्ही एका खोलीत सहा-आठ जण राहतो.

आमच्यासाठी कॉल म्हणजे आई-वडिलांची चौकशी एवढेच नसते. आमचा संसारच त्यावर चालतो. बायको सकाळी मच्छीबाजारात उभी राहून सुरमई दाखवते, दर सांगते, आणि 'घेऊ का?' असे विचारते. मुलाच्या वहीतले गणित मी इथून तपासतो. इथे व्हॉट्सअ‍ॅपवरून आवाजी किंवा व्हिडिओ कॉल लागत नाही, परवानगी असलेले दुसरे अ‍ॅप घ्यावे लागते, तरीही कुणी कॉल चुकवत नाही. वेळेचा फरक दीड तासाचा आहे, हे आमचे नशीब. आठवड्यातून एकदा बोला असे तुम्ही म्हणता, तेव्हा मुलाने बापाला आठवड्यातून एकदाच भेटावे असा त्याचा अर्थ होतो.

मैत्रीचे म्हणाल तर आमच्याकडे तिला वेगळा वेळ काढावा लागत नाही. आमच्या खोलीत मलबारचे दोघे, सोलापूरचा एक आणि पेशावरचा एक आहे. स्वयंपाकाची पाळी ठरलेली आहे, आणि पेशावरवाल्याच्या पाळीला सगळे वेळेवर घरी येतात. माझी मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हा ती फोनवर या सगळ्यांनी मिळून पाहिली. कॉल आणि मैत्री यांच्यात तुम्ही लावलेले भांडण मला म्हणूनच समजत नाही.

नेकारकाठ

जयगड, तुमच्या खोलीला माझे म्हणणे लागू होत नाही हे मी मान्य करते. जिथे बायको-मुले दूर आहेत तिथे कॉल हाच संसार आहे आणि तिथे कुणी मोजमाप करू नये. माझे म्हणणे कुटुंबासह परदेशी स्थायिक झालेल्यांपुरते आहे. मात्र तुमचे उदाहरण माझ्याच बाजूने बोलते असेही मला वाटते. तुम्हाला पेशावरचा मित्र मिळाला, कारण तुम्ही एका चुलीवर जेवता. इथे आम्हा प्रत्येकाचे दार बंद आहे. ते उघडायला वेळ खर्चावा लागतो.

जास्वंदताई, ह्यांची तब्येत सुधारली असेल अशी आशा करते. तुमच्या सुनेने जे पाहिले ते रोज बोलत असल्यामुळे पाहिले, हे निर्विवाद आहे. पण त्यांना रुग्णालयात नेले कुणी? हाक ऐकून गाडी काढणारा शेजार साताऱ्यात तुमच्याजवळ होता म्हणून ते इंजेक्शन वेळेत मिळाले. तो शेजार तुम्ही वर्षानुवर्षे, वाटीभर आमटी देत-घेत जोडलेला आहे. उद्या माझ्या घरात रात्री कुणाला असेच काही झाले तर पुण्याहून कुणी गाडी काढू शकणार नाही. समोरच्या आजींचा मुलगा काढेल. मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर आई-वडील न सापडल्यास कुणाला फोन करावा, अशी एक जागा असते. ती जागा अनेक घरांत रिकामी राहते किंवा तीस किलोमीटरवरच्या मराठी मित्राच्या नावाने भरली जाते. माझ्या आईने मला जो शेजारधर्म शिकवला तो मी इथे पाळू नये, रोजचा वेळ फोनलाच द्यावा, असे तिलाही वाटणार नाही.

उत्तरवाट (शिकागो)

मी १९७० च्या दशकात अमेरिकेत आलो, तेव्हा हा प्रश्न उद्भवण्याची सोयच नव्हती. निळा एरोग्राम लिहायचा, त्याच्या घड्या घालून कडा चिकटवायच्या, आणि उत्तराची तीन-चार आठवडे वाट पाहायची. फोन करायचा तर ऑपरेटरकडे नोंदवावा लागे आणि तीन मिनिटांचे पैसे ऐकून घाम फुटे. नेकारकाठ यांचा युक्तिवाद पुढे नेला तर आमची पिढी मैत्रीच्या बाबतीत सर्वांत सुखी असायला हवी. मैत्री आम्ही केली हे खरे आहे. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्येच निघाले होते, उत्तर अमेरिकेत १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, आणि शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन बसवलेल्या गणपतीसमोर ज्यांच्याबरोबर सतरंज्या उचलल्या ती माणसे आमच्या मुलांचे खरेखुरे काका-मावशी झाली.

पण याची जी किंमत मोजावी लागली ती आजच्या तरुणांना माहीत नाही. वडील गेल्याचे मला तारेने कळले. त्यांचा आवाज म्हातारपणी कसा झाला होता, ते मी ऐकलेले नाही. आईने माझ्या मुलांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती शाळेत जाऊ लागली होती, आणि दोन दिवस ती तिच्याजवळ फिरकली नाहीत. रोज बोलण्याची सोय असती तर आम्ही रोज बोललो असतो, आणि मंडळेही काढली असती.

दुसरे असे की, मित्र आयुष्यभर शेजारी राहतील हे गृहीत धरू नका. निवृत्तीनंतर आमच्या गटातले निम्मे लोक थंडीला कंटाळून फ्लोरिडाला गेले, काही नातवंडांजवळ टेक्सासला गेले, आणि काही आता नाहीत. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत ज्येष्ठांसाठी 'उत्तररंग' हा कार्यक्रम होतो. तिथे जेवणाच्या टेबलावर एकटेपणाचा विषय निघतोच. आज सकाळी चहा घेताना मी ज्याच्याशी बोलतो तो माझा भाऊ कोल्हापुरात असतो. तो मला आवारातला फणस दाखवतो आणि त्याला अजून किती दिवस लागतील यावर आमचा वाद होतो. तरुणपणी त्याच्याशी बोलायचे राहून गेले, ते आता रोज भरून काढतो आहे.

एका गोष्टीत नेकारकाठ यांचे म्हणणे रास्त आहे. आमची मंडळे मराठी घरांपलीकडे फारशी गेली नाहीत. माझ्या गल्लीतल्या पोलिश कुटुंबाशी माझी ओळख बर्फ उपसण्यापुरतीच राहिली, आणि तेही घर विकून गेले.

नेकारकाठ

काका, तुमच्या वडिलांविषयी वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तरीही एक विचारते. तुमचे वडील गेले तेव्हा तार हातात घेऊन तुम्ही कुणाकडे गेलात? मला वाटते, सतरंज्या उचलणाऱ्यांपैकीच कुणाकडे. ती माणसे मिळवायला तुमच्या पिढीकडे मोकळ्या संध्याकाळी होत्या. मला त्या संध्याकाळीच परत हव्या आहेत. शनिवारचा तास मी आईला देते, आणि त्या तासात तीही आता बातम्यांवर थांबत नाही. मागच्या शनिवारी तिने मला क्वार्कच्या श्रीखंडात जायफळ कधी घालतेस ते विचारले.

जास्वंद

शेजाऱ्यांनी गाडी काढली हे तुम्ही बरोबर हेरलेत, आणि तुमच्या शाळेच्या फॉर्मची गोष्ट मी मुलाला विचारली. त्याच्या मुलीच्या फॉर्मवर त्याच गल्लीतल्या एका गुजराती बाईंचे नाव आहे आणि त्यांच्याकडे नात आठवड्यातून दोनदा खेळायला जाते, असे त्याने सांगितले. हे सगळे आमचा कॉल रोज होत असतानाच झालेले आहे. सकाळी साडेसातला तिथे कुणी अंगणात खुर्च्या मांडून बसत नाही. तुमच्या देशाच्या घड्याळाने तुम्हाला कठीण वेळ दिली आहे हे मला पटते, पण त्यावरून सगळ्यांसाठी नियम काढू नका. तुम्ही लवकर उठत असाल तर तुमच्या आईंच्या सकाळच्या दुसऱ्या चहाला काय करता येईल ते पाहा. उन्हाळ्यात त्यांचे साडेदहा वाजतात तेव्हा तुमचे सात वाजलेले असतात.

माझे म्हणाल तर नोव्हेंबरात अमेरिकेतले घड्याळ बदलले की त्यांचा कॉल साताऱ्यात सहाला येऊ लागतो. सहाला मी मैत्रिणींबरोबर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी फिरायला जाते. दर हिवाळ्यात आम्ही ती फेरी साडेचारला घेतो, कारण चौघींपैकी तिघींची मुले अमेरिकेतच आहेत.