मदत हवी आहे : काकाच्या कॅसेटला बुरशी लागलीय

माझा धाकटा काका १९९४ साली गेला, अवघ्या २६व्या वर्षी. फोटो दोनच, त्यातही एक लग्नाच्या घोळक्यातला. परवा चिपळूणच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत ६० मिनिटांची कॅसेट सापडली. वर त्याच्याच अक्षरात 'आईच्या ओव्या'. आजी गातेय आणि हा मध्येच तिला शब्दांचे अर्थ विचारतोय, असं बाबा सांगतात.

पण फितीवर पांढरी बुरशी आहे, आतला फेल्टचा तुकडाही निखळलाय. फीत तुटेल म्हणून प्लेअरला लावलेली नाही (बाबांना आवरणं कठीण जातंय!). फीत दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात घालून साफ कशी करायची? रत्नागिरी-पुण्याकडे हे काम करणारं कुणी आहे का? कुरिअरने पाठवायचा धीर होत नाही, स्वतः घेऊन येऊ. आजी ८८ वर्षांची आहे, तिला ऐकवायचंय.