लहान टर्बो पेट्रोल गाड्या: तुमचा अनुभव लिहा

राजेंद्रनगरकर:
काल शेजारच्या काकांकडे नवी गाडी आली. एक लिटरचं तीन सिलेंडरचं इंजिन, त्यावर टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. पेढा हातात ठेवत काकांनी विचारलं, "एवढंसं इंजिन टिकेल ना रे?" आणि मला बाबा आठवले. २०१३-१४च्या सुमारास असली छोटी टर्बो पेट्रोल इंजिनं आपल्याकडे दिसायला लागली, तेव्हाच त्यांनी एक गाडी घेतली होती. सगळे म्हणत होते डिझेल घ्या. बाबा गेले. गाडी माझ्याकडे आहे, आणि टर्बो अजून पहिलाच आहे.

त्यांचे दोन नेम होते. दसऱ्याआधी ऑइल आणि फिल्टर बदलायचंच, गाडी वर्षभरात कितीही कमी चाललेली असो. आणि ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भेरूघाट चढून वर आलं की लगेच चावी फिरवायची नाही. आई भुट्टे घ्यायला उतरायची आणि बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहायचे, इंजिन चालूच. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, तेही तेलाच्या पातळ थरावर. चढावर दामटलेली गाडी तशीच बंद केली की तेलाचा पंप थांबतो, तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल तिथेच जळून चिकटतं आणि तेलाची वाट अरुंद होत जाते. मिनिटभर थांबलं की भागतं. काकांना एवढंच सांगितलं, इंजिनाचा आकार बघू नका, तेल बघा. तुमच्या गाड्यांचं काय? लिहा.

सुदामानगरवाली:
बाबांचं वाचून डोळे भरले. माझं प्रकरण उलट, घाट नाही की हायवे नाही. घर, ऑफिस, मुलीचा क्लास. सर्व्हिसवाले म्हणाले दहा हजार किलोमीटर झाले की या. गाडी एवढी चालतच नाही! एकदा सहज डिपस्टिक काढली तर तेल वरच्या खुणेच्याही वर. कमी व्हायचं ते वाढलं कसं? कागदावर पुसून वास घेतला, सरळ पेट्रोलचा वास. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली तेलात उतरतं, आणि तापलं नाही तर उडूनही जात नाही. ताबडतोब ऑइल बदललं. आता सहा महिन्यांनी बदलते आणि रविवारी उज्जैन रोडला लांब चक्कर मारते.

पलासिया:
आमची डिझेल आहे तरी वाचतोय. भुट्टा वाचून भूक लागली भिया.

सुदामानगरवाली:
@पलासिया दादा, पाऊस पडू द्या, चोरलला जाऊ सगळे.

स्पेअरपार्टवाला:
धंदाच हा आहे म्हणून सविस्तर लिहितो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं "कोणतंही ३० नंबरचं ऑइल द्या". असं नका करू हो. नंबर पुस्तिकेत असेल तोच, शिवाय डब्यावर एपीआय एसपी आहे का बघा. हा दर्जा २०२० साली आला, आणि त्यात टर्बो इंजिनांच्या एका खास दुखण्याची चाचणी आहे. चाळीसच्या वेगाला पाचवा गियर टाकून ॲक्सिलरेटर दाबला की कमी फेऱ्यांवर इंजिनावर खूप भार येतो आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं. एक जोरदार ठोका. असे ठोके बसत राहिले तर पिस्टन फुटू शकतो. तेलात कॅल्शियम जास्त असलं तर हे वाढतं, म्हणून तेलाचं सूत्रच बदलावं लागलं. ॲव्हरेज काढायला वरचा गियर ही जुन्या गाड्यांची सवय, टर्बोला एक गियर खाली घ्या आणि मग दाबा.

महू_कॅम्प:
एक वर्षापूर्वी. मानपूरच्या चढावर पिकअप गेला आणि बॉनेटमधून शिट्टी. गॅरेजवाल्यांनी न उघडता सांगितलं, टर्बो गेला, नवा टाका. आकडा ऐकून सौ. खालीच बसल्या. आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करतो तो) पाइपावरून नुसतं बोट फिरवलं. एका जोडाभोवती तेलकट काळी धूळ बसली होती. साबणाचं पाणी मारून गाडी रेज केली तर तिथेच फुगे. क्लिप ढिली!! क्लिप बदलली, शिट्टी बंद. कोणी टर्बो गेला म्हणालं तर आधी पाइप आणि क्लिपा बघायला लावा, माझी हात जोडून विनंती आहे.

रामबागची_काकू:
महूवाले भाऊ, मिस्त्रींचा पत्ता द्या ना. भाच्याची गाडी अशीच शिट्टी मारते. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे, वरात त्याच गाडीतून काढायची म्हणतो.

महू_कॅम्प:
व्यनि केला काकू. अभिनंदन!

पलासिया:
काकू, सीमांत पूजनाला पोहे-जलेबी असतील तर मीही येतो.

बडोदेकर_सध्या_इंदूर:
भावाच्या गाडीत टायमिंग बेल्ट तेलातच फिरणारा होता. भलतं तेल पडलं, रबर फुगलं, तुकडे सुटून तेल खेचणारी जाळी तुंबली. तेलाचा लाल दिवा लागला तेव्हा त्याने तिथेच इंजिन बंद केलं म्हणून वाचलं. तो दिवा लागल्यावर "घरापर्यंत तर जाऊ" नाही करायचं.

विजयनगर७४:
माझा प्रश्न ई२०चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा. गाडी २०२१ची. ॲव्हरेज पडलंय, थंडीत सुरू होताना थरथरते.

स्पेअरपार्टवाला:
@विजयनगर७४ इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरणारच. त्याचा ऑक्टेन मात्र चांगला, ठोका कमी होतो. रबराचे पाइप, सील ई२० चालणारे आहेत का ते पुस्तिकेत बघा, २०२३च्या आधीच्या सगळ्याच गाड्यांत नसतात. थरथर मला इथेनॉलची वाटत नाही. तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं आहे का? त्यात पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये पडतं, हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह धुतलेच जात नाहीत आणि त्यांच्या पाठीवर काजळीची खपली चढते. टाकीत ओतायचं क्लीनर तिथवर पोचतच नाही. दुर्बीण घालून बघायला सांगा. पण आधी प्लग. टर्बोत प्लग लवकर झिजतात.

विजयनगर७४:
हो, डायरेक्टच आहे. प्लग कधीच बदलले नाहीत, कोणी सांगितलंच नाही.

राजेंद्रनगरकर:
मग आधी प्लग, आणि गॅप पुस्तिकेतलाच ठेवायला सांगा. कूलंटपण बघून घ्या, नळाचं पाणी कोणी ओतलं नाही ना. बहुतेक टर्बो कूलंटवरच थंड होतात.

रामबागची_काकू:
मिस्त्रींना फोन केला. म्हणाले सोमवारी सकाळी गाडी थंड असतानाच आणा.