मुलींच्या कबड्डी संघाची जर्सी : सब्लिमेशन, स्क्रीन की डीटीएफ?

डावा_कोपरा

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या मंडळाच्या मुलींच्या संघाला नवीन जर्सी शिवायची आहे. बाराचा संघ आणि तीन-चार जास्तीच्या, म्हणजे पंधरा-सोळा नग. सराव अंगणात लाल मातीवर, सामने कधी मातीवर तर कधी मॅटवर.

मागच्या वेळी तयार मरून टी-शर्ट घेऊन त्यावर पांढरे नंबर छापून घेतले होते. गणपतीत पांढरेशुभ्र होते, दिवाळीपर्यंत गुलाबी झाले. त्यानंतर पापुद्रे सुटायला लागले. शेवटच्या स्पर्धेत गुणलेखक आमच्या मध्यरक्षक मुलीला हाक मारून नंबर विचारत होते. छापणाऱ्याकडे गेले तर तो म्हणाला, तुम्ही साबण चुकीचा वापरता. सोळा घरांतल्या सोळा आया चुकीचा साबण वापरतात का हो?

या खेपेला तीन ठिकाणी विचारलं. एक जण म्हणतो डीटीएफ करा (फिल्मवर छापून कापडावर दाबतात ते), तयार जर्सीसकट ३२० रुपये, कुठल्याही रंगावर फोटोसुद्धा येतो. दुसरा म्हणतो सब्लिमेशन (शाईची वाफ करून धाग्यात मुरवतात ते), जर्सी ३८० आणि शॉर्ट धरली तर ५५०. तिसरा स्क्रीनवाला (जाळीच्या चौकटीतून शाई मारणारा), जर्सी २२०, वर छपाई, आणि प्रत्येक रंगाच्या स्क्रीनचे पैसे निराळे. तिघांनीही स्वतःची पद्धत सोडून बाकीच्या दोन टाकाऊ असल्याचं मला पटवून दिलं.

पैसे गावच्या मुंबईकर मंडळाचे आणि एका हार्डवेअर दुकानाचे. दुकानाचं नाव यंदापुरतं, पुढच्या वर्षी कोण देईल माहीत नाही. मुंबईकरांची इच्छा अशी की पाठीवर ग्रामदेवतेच्या देवळाचा रंगीत फोटो हवा. त्यावर मी अजून काही बोललेले नाही.

आणखी एक गोष्ट, जी तिन्ही दुकानदारांनी विचारली नाही आणि मी विचारल्यावर ते इकडेतिकडे बघायला लागले. मुली आहेत. घामाने कापड अंगाला चिकटल्यावर आरपार दिसता कामा नये. छातीवरचा नंबर जाड रबरासारखा असला की त्याच्याखाली घाम साचतो, खाज सुटते, आणि पोरी चढाईला जाताना जर्सी ओढत बसतात. पकडीत जर्सी वर सरकते तो वेगळाच प्रश्न. कपडे एकदा केले की दोन वर्षं चालवायचे आहेत. अनुभव असलेल्यांनी सांगावं.

टेनिसबॉल_कर्जत

ताई, डीटीएफ डोळे झाकून. आमच्या टेनिसबॉल क्रिकेटच्या ओव्हरआर्म स्पर्धेला दरवर्षी तेच करतो. संध्याकाळी फाइल पाठवली, दुसऱ्या दिवशी टी-शर्ट हातात. प्रत्येकाचं नाव, नंबर, प्रायोजक, सगळं रंगीत.

डावा_कोपरा

भाऊ, तुमच्या टी-शर्टांचं स्पर्धेनंतर काय होतं?

टेनिसबॉल_कर्जत

घरी घालतो. गाडी पुसतो. 😀

छापखाना_इचलकरंजी

ताई, मी स्वतः स्क्रीनवाला आहे, वडिलांपासूनचा धंदा. तरी सांगतो, जर्सीला स्क्रीन करू नका.

आधी तुमच्या गुलाबी नंबराचं. साबणाचा काही संबंध नाही. पॉलिएस्टर ज्या रंगाने रंगवतात तो रंग उष्णतेने वाफ होऊन वर येतो. रबर प्रिंटची, म्हणजे तुमच्या नंबरासारख्या जाड स्क्रीन छपाईची, शाई पक्की करायला साधारण १६० अंशांपर्यंत तापवावी लागते. तेवढ्या तापात मरून कापडातला लाल उठतो आणि वरच्या पांढऱ्या शाईत शिरतो. गंमत अशी, की भट्टीतून काढल्यावर नंबर पांढराच दिसतो. गिऱ्हाईक खूश, पैसे देऊन जातं. लाली मागाहून हळूहळू येते. लाल, मरून आणि भगव्या पॉलिएस्टरला हा रोग फार. यावर इलाज आहे. पांढऱ्याच्या खाली रंग अडवणाऱ्या राखाडी शाईचा हात मारायचा आणि कमी तापात पिकणारी शाई वापरायची. पण ती शाई महाग, एक स्क्रीन वाढतो, आणि तेवढं सोळा नगांसाठी कोण करतंय? ज्याने तुमचं काम केलं त्याने कापसाच्या टी-शर्टची शाई पॉलिएस्टरवर मारली असणार. पापुद्रेही त्यामुळेच. शाई पुरती पिकली नाही, किंवा ताण सहन करणारी नव्हती. कबड्डीत जर्सी ओढतात, क्रिकेटसारखं नाही.

स्क्रीनला नग लागतात. शे-दोनशे नग, एक-दोन रंग, तिथे आमच्यासारखं स्वस्त कोणी नाही. तुम्ही सरावाचे टी-शर्ट, स्वयंसेवकांचे टी-शर्ट केलेत तर याच. सोळा जर्सींवर चार रंग म्हणजे चार स्क्रीन, आणि त्यांचा खर्च सोळांत वाटायचा. हिशेब बसत नाही.

डीटीएफबद्दल दादांचं खोटं नाही, पण ती फिल्मवर छापून गोंदाची पावडर टाकून दाबलेली पट्टी असते. लहान लोगोला उत्तम. पाठभर देऊळ केलंत तर पाठीवर प्लास्टिकचा कागद बांधल्यासारखं होईल. वारा जाणार नाही, घाम बाहेर येणार नाही. मॅटवर घसरून पडल्यावर कडा उचलते. आणि एकदा कोणाच्या घरी वरून इस्त्री फिरली की संपलं.

शिट्टी_वाजली

नमस्कार. मी बरीच वर्षं पंच म्हणून काम करतो आहे. छपाईतलं कळत नाही, पण नंबराबद्दल बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

नियमाप्रमाणे नंबर पुढे आणि मागे दोन्हीकडे हवा, पुढचा किमान ४ इंच उंच, मागचा किमान ६ इंच. ही मापं छपाईवाल्याला लेखी द्या. नाहीतर तो डिझाइनमध्ये जागा उरेल तेवढा नंबर बसवतो. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि तेव्हापासून गावोगावच्या जर्सीवर वाघ, ज्वाळा, विजा आल्या आहेत. दिसायला झकास. पण सात जणी साखळी धरून हलत असताना कोणाचा पाय रेषेबाहेर गेला, ते मला एका क्षणात नंबरासकट सांगायचं असतं. ज्वाळांवर पिवळा नंबर आणि त्याला लाल सावली, हे कसं वाचायचं?

गडद अंगावर सपाट पांढरा नंबर, किंवा फिक्या अंगावर काळा. सावली नको, तिरकी अक्षरं नकोत. पाठीवर देवळाचा फोटो आला की नंबर कळसात अडकणार. देवावर माझी श्रद्धा आहे, पण देवळाची जागा मंडळाच्या बॅनरवर आहे.

दुकानाचं नाव नंबराच्या वर, खांद्यांच्या मधोमध लहान अक्षरांत घाला. खाली घातलंत तर ते शॉर्टमध्ये जातं आणि दुकानदार रुसतो.

ओव्हरलॉक_पुणे

ताई, मी पुण्यात खेळाचे कपडे शिवणाऱ्या एका युनिटमध्ये काम करते, आधी शिलाईला होते, आता तपासणीला. पूर्वी शाळेकडून कबड्डी खेळलेय, त्यामुळे तुमचा शेवटचा मुद्दा मला लगेच कळला.

तुमच्या कामाला सब्लिमेशनच. पण सब्लिमेशन म्हणून जे विकतात ते दोन तऱ्हेचं असतं, आणि इथे लोक फसतात. खरी पद्धत अशी : पांढऱ्या पॉलिएस्टरचे पुढा, पाठ, बाह्या असे भाग, कागदावर छापलेलं डिझाइन त्यावर ठेवून साधारण २०० अंशांवर दाबायचं, शाई वाफ होऊन धाग्यात जाते, आणि मग शिवायचं. हात फिरवला तर छपाई बोटाला लागत नाही. निघायला वर काही चिकटलेलंच नसतं, त्यामुळे पापुद्र्यांचा प्रश्न मिटला. नावं, नंबर, पन्नास रंग, सगळं त्याच किमतीत, कारण प्रत्येक नग तसाही वेगळा छापायचा असतो. दुसरी पद्धत म्हणजे बाजारातून शिवलेला पांढरा टी-शर्ट आणून त्यावर दाबून देणे. त्यात काखेत आणि शिवणीला जिथे घडी पडते तिथे पांढऱ्या चिरा राहतात. दुकानदाराला सरळ विचारा, आधी छापता की आधी शिवता?

आता कापड. छपाईपेक्षा जास्त वेळ यावर घालवा. ३८० मध्ये बहुतेक तुम्हाला डॉट निट देतील, १४० जीएसएमच्या (चौरस मीटरला १४० ग्रॅम वजनाच्या) आसपास. मुलांना चालतं. त्याला बारीक जाळी असते आणि जाळीच्या भोकांत आतला पांढरा रंग राहतो. ताणलं की मरूनवर पांढरट झाक येते. लायक्रा जास्त असलेल्या कापडाला तर ताणल्यावर हमखास. तुम्ही १८० च्या पुढचं घट्ट विणीचं इंटरलॉक मागा. थोडं गरम होतं, ते खरं आहे. पण आरपार दिसत नाही आणि ओढल्यावर आकार सोडत नाही. नमुन्याचा तुकडा आणा, पाण्यात भिजवा, हातावर ताणून उजेडात धरा. हाताच्या रेषा दिसल्या तर परत द्या. रंग गडदच ठेवा. फिका पिवळा, आकाशी अजिबात नको.

शिवण सपाट, म्हणजे फ्लॅटलॉक मागा, निदान खांद्याला आणि बगलेला. साध्या ओव्हरलॉकची कड मॅटवर घासली की वळ उठतात. लांबी नेहमीपेक्षा दोन इंच जास्त. बहुतेक दुकानांचा मापांचा तक्ता मुलांचाच असतो, त्यात मुलींना छातीला घट्ट आणि खांद्याला ढगळ होतं. प्रत्येकीची छाती, खांदा, उंची मोजून पाठवा, आणि मापं घरातल्या कोणा बाईने घ्यावीत, दुकानदाराच्या पोराने नव्हे. गळा गोल ठेवा, व्ही नको.

मंडळाचा लोगो भरतकामाचा करायचा मोह झाला तर ट्रॅकसूटवर करा. जर्सीवर आतून जो कागद लावतात तो टोचतो, आणि पातळ कापड भोवताली चुण्या धरतं.

लाल मातीबद्दल : पांढरी पट्टी, पांढरी कॉलर, पांढरं पाइपिंग काहीही घालू नका. छपाई टिकेल, पण ती पट्टी पहिल्याच सरावात विटकरी होईल. ब्लीच घालायला तर मुळीच सांगू नका.

डावा_कोपरा

सगळ्यांचे आभार. ओव्हरलॉक ताई, हाताच्या रेषांची युक्ती आजच केली. ३८० वाल्याने दिलेल्या तुकड्यातून रेषाच काय, माझी अंगठीसुद्धा दिसली. तो इंटरलॉकमध्ये ४४० म्हणतोय, जीएसटी धरून. आधी छापतो, मग शिवतो, असं म्हणाला आणि कागदावर छापलेली एक पाठ दाखवली.

मुंबईकरांना पंचसाहेबांचा निरोप जसाच्या तसा पाठवला. अर्धा दिवस शांतता होती. मग अध्यक्षांचा फोन आला की देऊळ बॅनरवर चालेल, पण बॅनर मोठा हवा.

आता राहिलं हार्डवेअरवाल्यांचं नाव. पुढच्या वर्षी प्रायोजक बदलला तर सगळ्या जर्सी टाकून द्यायच्या का? म्हणून विचार असा, की बाकी सगळं सब्लिमेशनने करायचं आणि नाव तेवढं डीटीएफने मागाहून दाबून घ्यायचं. पुढच्या वर्षी त्याच जागी नवीन. बरोबर आहे ना?

छापखाना_इचलकरंजी

थांबा ताई, घाई करू नका. गुलाबीचा रोग परत येईल.

सब्लिमेशनची शाई त्याच जातीची, उष्णतेने उडणारी. मरून छापलेल्या पाठीवर डीटीएफ दाबायला १५० च्या आसपास ताप द्यावा लागतो. खालचा मरून परत उठणार आणि पट्टीतल्या पांढऱ्यात शिरणार. आम्ही लोकांचे असे नग बघितलेत, महिन्याभरात दुकानाचं नाव जांभळट. शिवाय जुनी पट्टी काढून त्याच जागी नवीन, हे बोलायला सोपं आहे. गोंद राहतो, डाग राहतो.

ओव्हरलॉक_पुणे

दादांचं बरोबर आहे. आमच्याकडे एक तोड काढतात. पाठीवर खांद्यांच्या मधोमध, नावाच्या मापाचा चौकोन फाइलमध्ये न छापता कोरा ठेवतात. तिथे कापडात रंगच नसतो, मग उठणार काय? पट्टी मात्र चौकोनाच्या आतच बसली पाहिजे. कड मरूनवर गेली की तेवढी कड रंगणार. पुढच्या वर्षी जुन्या पट्टीवर तंतोतंत त्याच मापाची नवीन पट्टी दाबा, काढायच्या भानगडीत पडू नका. दोन वर्षांसाठी चालून जातं.

शिट्टी_वाजली

पण कोरा चौकोन म्हणजे पांढरा. आणि लाल माती?

ओव्हरलॉक_पुणे

सर, पट्टी चौकोन जवळजवळ पूर्ण झाकते, दोन-तीन मिलिमीटर कड तेवढी उघडी राहते. ती विटकरी होईल खरी. मरूनवर विटकरी कड कोणाला दिसतेय! पट्टीचीच पार्श्वभूमी मरून घेतली आणि अक्षरं पांढरी केली तर कड मरूनवर गेली तरी कळणार नाही, मग उघडी कड ठेवायलाच नको.

आणखी एक, ताई. जास्तीच्या जर्सी आत्ताच करून ठेवा, नंबरासकट, दोन मोठ्या मापात. सहा महिन्यांनी दोन नग परत मागितले तर फाइल तीच असली तरी मरून तोच येत नाही. कागद, कापडाचा ताका, मशीनचा ताप, काहीतरी बदललेलं असतं. आणि पैसे देताना फाइल मागून घ्या, छपाईची मूळ फाइल, मोबाइलवरचा फोटो नव्हे.

डावा_कोपरा

फाइल मागितली तर तो म्हणाला, ती आम्ही देत नाही. मी म्हटलं, मग आगाऊ पैसेही आम्ही देत नाही. फाइल मेलवर आली आहे. तीन जर्सी जास्तीच्या सांगितल्या, दोन मोठ्या आणि एक लहान, कारण आमची सगळ्यात चपळ चढाईपटू सहावीतल्या पोरीएवढी आहे. आधी एकच नग शिवून मागितलाय, रविवारी सरावाला तिलाच घालते आणि पोरींना सांगते, ओढा.